ठसा येत नाही

परवा बेळगावच्या स्टँडवर निपाणीची बस लागली. दार उघडलं आणि माणसांच्या आधी तंबाखूची नाकाला झोंबणारी खाट खाली उतरली. वखारीत काम करणारी एखादी बाई आत असणार; तिच्या साडीत, पिशवीत, केसांत भरून आलेला तो दर्प. माझ्या हातात दुसऱ्या दिवशीच्या पेपरच्या नोट्स होत्या. लागोपाठ तीन शिंका आल्या. सोबतची काकती गावची मैत्रीण नाकाला ओढणी लावून लांब सरकली. "कसला गं वास हा?" म्हणाली. आमच्याकडं याच वासाला मार्च महिना म्हणतात, असं तिला सांगावंसं वाटलं, पण तिची बस सुटायला आली होती.

निपाणीत थंडी सरली की वखारी गजबजतात. शेतात वाळलेला तंबाखू येतो, कुटला जातो, चाळला जातो आणि त्याची धूळ उन्हात तरंगत गावभर फिरते. गावातल्या माणसाला ती जाणवत नाही. मलाही ती जाणवायला लागली गाव सोडल्यावर. परीक्षा आणि ती खाट दर वर्षी एकदमच येतात, त्यामुळं अभ्यासाला बसलं की माझं नाक उगाच चुरचुरतं, आणि हटकून तोच एक उन्हाळा आठवतो. बारावीनंतरचा. मी संगणक शिकायला जात होते आणि काल कळलेलं मला आज कळेनासं होत होतं.

दहावीपर्यंत मी मराठी शाळेत होते. पुढं कॉलेज इंग्रजीत. ऑफिसात आणि फॉर्मवर कन्नड. घरी आमची बोली, जिच्यात बायकासुद्धा "मी आलतो, मी गेलतो" म्हणतात. तिन्ही भाषांत मी थोडी थोडी अडाणीच होते. डिग्रीला संगणक घ्यायचा असेल तर आधी तीन महिन्यांचा साधा कोर्स करून ठेव, असं कॉलेजातल्या सरांनी सांगितलं, म्हणून क्लास लावला. म्हणजे आता मशीनची चौथी भाषा.

क्लास औषधाच्या दुकानावर होता. लोखंडी जिना चढून जायचं, चपला बाहेर काढायच्या, हात पुसायचे, मग आत. आत आठ संगणक, त्यातले सहा चालू. दुपारनंतर त्यांच्यावर कापडी खोळी चढवलेल्या असत. त्या खोलीत सगळे हळू आवाजात बोलायचे. शिकवायला हिरेमठ मॅडम होत्या. रोज सकाळी चिकोडीहून बसनं यायच्या. कन्नड त्यांची घरची, इंग्रजी पुस्तकातली आणि मराठी आमच्यासाठी. एक वाक्य तिन्हीतून फिरवून झालं की विचारायच्या, "तिळीतेन?" म्हणजे, कळलं का? आम्ही माना हलवायचो. माझी मान सगळ्यांत जोरात हलायची, कारण मला सगळ्यांत कमी कळलेलं असायचं.

पहिल्या दिवशी त्यांनी वहीत तीन वाक्यं लिहून दिली. संगणक दमत नाही. संगणक विसरत नाही. संगणक चुकत नाही. मी ती घरी येऊन मोठ्यानं पाठ करत बसले.

आई दारात विड्या वळत होती. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखूची ढिगुली. पान उचलायचं, चिमूट घालायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. तिच्याकडं बघितलं तर हे पाच वेगळे प्रकार आहेत हे कळतसुद्धा नसे. आई तिसरीपर्यंत शिकलेली. वडील, म्हणजे अण्णा, गवंडीकामाला कोल्हापूरकडं, शनिवारी घरी यायचे. त्यामुळं आठवडाभर घरात आम्ही दोघीच, आणि रोज संध्याकाळी आईचा एकच प्रश्न, "आज काय शिकलीस?"

मी तीन वाक्यं म्हणून दाखवली.

"दमत न्हाय म्हणतीस. मग ते पंखे कशाला लावल्यात त्येला?" आई एकदा क्लासच्या दारापर्यंत आली होती, तेवढ्यात तिनं हे टिपलं होतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "दमत न्हाई. तापतंय." हे मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "माझंबी तसंच हाय."

मग आली रॅम. मॅडमनी सांगितलं की ही संगणकाची आठवण आहे आणि लाईट गेली की ती सगळं विसरते. मी धीर करून हात वर केला. "मॅडम, पहिल्या दिवशी तुम्ही विसरत नाही म्हणालात."

"ते हार्ड डिस्क. हे रॅम. दोन आठवणी आहेत बघ त्याला. एक आत्ताची, एक कायमची. तिळीतेन?"

मी मान हलवली. घरी येताना डोक्यात तेच चाललं होतं, की एका जिवाला दोन आठवणी कशा असतील. आईला सांगितलं तर ती दोरा तोडत म्हणाली, "त्यात काय एवढं? तुझ्या आज्जीची आत्ताची गेलती. जेवली का न्हाय ते ध्यानात ऱ्हायाचं न्हाय. पर माझ्या लग्नात कोण कोण रुसलं ते नावासकट सांगायची."

आईला एका वाक्यात जे कळलं, ते मला तीन दिवस कळत नव्हतं. ते मला जरा लागलंही. शिकायला मी जात होते ना?

तिसऱ्या आठवड्यात मॅडमनी एक पान टाइप करायला दिलं, गावाबद्दल. एकेक अक्षर शोधत मी तासभर लिहिलं. आमची गल्ली, वखारी, जयंतीच्या मिरवणुकीत बारक्या पोरींचं लेझीम. स्वतःचं गाव असं काचेवर उमटलेलं मी कधी बघितलं नव्हतं. शेवटची ओळ आली आणि लाईट गेली. त्या दिवशी बॅटरीही बिघडलेली होती. सगळे पडदे एकदम काळे. लाईट आली तेव्हा पान कोरं होतं.

"माझं कुठं गेलं?" मी विचारलं.

"सेव्ह केलतीस काय?"

"नाही."

"मग कुठं जाईल? ते नव्हतंच."

ते नव्हतंच. हे वाक्य मला अजून पचलेलं नाही. मी स्वतः बघितलं होतं, बोटं दुखेपर्यंत टाइप केलं होतं, मिरवणुकीच्या ओळीवर मला हसूही आलं होतं, आणि तरी ते नव्हतंच. आता मला त्याचं शास्त्र माहीत आहे. वीज, स्मृती, डिस्क, सगळं परीक्षेत लिहिता येतं. पण त्या दिवशी जिना उतरताना पायांना वाटत होतं की आपण जिथं नोंदले गेलो नाही तिथं आपण नसतोच की काय.

याच दिवसांत आईच्या विड्या परत यायला लागल्या. कारखान्यात विड्या तपासून घेतात. सैल, वाकड्या, दोरा नीट न बसलेल्या बाजूला काढतात. आईच्या विड्या कधी कुणी बाजूला काढल्या नव्हत्या. गल्लीतल्या नव्या सुना तिच्याकडं वळायला शिकायला यायच्या. आणि आता सुपातून उचललेलं पान ती डोळ्यांजवळ नेऊन बघायची. एकदा भाकरी वाढताना तिनं ताटाच्या कडेला, जमिनीवर ठेवली. मग भाकरी उचलून झटकून ताटात ठेवली आणि म्हणाली, "लई धूळ हाय आजकाल."

अण्णांनी एका शनिवारी बळेच तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. डॉक्टर म्हणाले, बेळगावला मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन होईल, आरोग्याचं कार्ड असलं की झालं. फार उशीर करू नका.

कार्ड काढायचं केंद्र आमच्या गल्लीच्या तोंडालाच. एक टेबल, एक संगणक, बोटं टेकवायची छोटी काच आणि मागं सदाअण्णा. सदाअण्णा भला माणूस. म्हाताऱ्यांना आधी बसवायचा, पाणी द्यायचा. मी आईबरोबर गेले. मनातून थोडी ताठही होते, कारण टेबलावरच्या प्रत्येक वस्तूचं नाव आणि काम आता मला येत होतं. ही इनपुट, ती आउटपुट.

"आक्का, अंगठा ठेव हिथं."

आईनं ठेवला. काचेखाली लाल उजेड लागला. संगणकानं एक चपटा आवाज काढला.

"दुसरा ठेव." पुन्हा तोच आवाज. मग पहिलं बोट, मधलं बोट, करंगळी. सदाअण्णानं ओल्या फडक्यानं काच पुसली, आईची बोटं पुसली, स्वतःच्या हातानं दाबून धरली. दहाही झाली. पडद्यावर दर वेळी इंग्रजीत एकच ओळ येत होती आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला एक अख्खी ओळ कुणी न सांगता कळली. ठसा येत नाही.

"विडीवाल्या बायकांचं असंच होतंय," सदाअण्णा म्हणाला. "पान घासून घासून रेघाच जात्यात. आठ दिस विडी वळू नको, आक्का. रोज खोबरेल चोळ. रेघा वर येतील. मग ये."

आई घरी येऊन हाताकडं बघत बसली. मीही तिचा हात हातात घेऊन उन्हात बघितला. खरंच, बोटांची टोकं गुळगुळीत होती. नदीतल्या गोट्यासारखी, वर पिवळसर राप. मला लहानपणापासून तेच हात माहीत होते. वेणी घालताना केसांत अडकणारे, ताप आला की कपाळावर खरखरणारे. खरखर असते आणि रेघा नसतात, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

ते आठ दिवस आईनं कसे काढले, ते तिचं तिलाच ठाऊक. सूप माळ्यावर ठेवलं होतं. ती दारात बसायची आणि तिची बोटं मांडीवर हलत राहायची. एकदा माझ्या वहीचा फाटका कागद तिनं नकळत वळला, तोंड दुमडलं आणि दोरा शोधायला हात पुढं नेला. मग स्वतःच हसली. "हातास्नी सांगाय पायजे गं, सुट्टी हाय म्हणून."

रोज रात्री जेवण झालं की मी तिच्या बोटांना तेल चोळायचे आणि ती विचारायची, "ते मशीन बोटात काय बघतंय?"

"रेघा. प्रत्येकाच्या रेघा वेगळ्या असतात. त्यावरनं ते माणूस ओळखतं."

"तोंड बघून न्हाय ओळखत?"

"न्हाय."

"नाव सांगून?"

"न्हाय. नाव कुणीपण सांगंल की."

"मग कोण आलंय ते ह्या गल्लीत कुणालाबी इचार म्हणावं," आई म्हणाली. गमतीनं नव्हतीच म्हणाली ती. तिला वाटत होतं, मी तिकडं शिकतेय तर एवढा निरोप मी मशीनपर्यंत पोचवू शकेन.

नवव्या दिवशी पुन्हा केंद्रात गेलो. दहा बोटं, दहा वेळा तोच आवाज. सदाअण्णानं कपाळ पुसलं आणि म्हणाला, "डोळ्यावरनं बी घेता येतंय. बघू." त्यानं कपाटातून दुर्बिणीसारखं एक यंत्र काढलं, आईच्या डोळ्यांसमोर धरलं.

"डोळा उघड, आक्का."

"उघडाच हाय की."

"आणखी मोठा."

आईनं डोळे ताणले. त्यांच्यात दुधाची साय धरल्यासारखं पांढरं. यंत्रानं आवाज काढला. मी पडद्यावरची ओळ वाचली. डोळा वाचता येत नाही.

सदाअण्णानं यंत्र परत कपाटात ठेवलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "पोरी, आता काय करायचं सांग. कार्ड पायजे तर डोळा नीट पायजे. डोळा नीट करायचा तर कार्ड पायजे."

आईला ते ऐकू गेलं. परत येताना ती माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होती, कारण दुपारच्या उन्हात तिला काहीच दिसत नसे. गल्ली अर्धी संपल्यावर ती एवढंच म्हणाली, "मशीनला मी ठावं न्हाय. सोड जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी क्लासला माझं लक्ष नव्हतं. मॅडम नेमकं लूप शिकवत होत्या. फळ्यावर बाणांचं वर्तुळ काढलं होतं. हे झालं तर ते कर, ते झालं तर हे कर, आणि बाहेर पडायची अट लिहायला विसरलं तर संगणक जन्मभर फिरत राहतो. "तिळीतेन?"

माझी मान हलली नाही. डोळ्यांत पाणी आलं. मॅडमनी बाकीच्यांना सरावाला बसवलं आणि मला खिडकीजवळ नेलं. मी सगळं सांगितलं. मध्येच मला आठवलं की पहिल्या दिवशी यांनीच लिहून दिलं होतं, आणि मी जवळजवळ रागानं विचारलं, "मॅडम, संगणक चुकत नाही ना? मग चुकलं कोण? आईची बोटं?"

मॅडमच्या तोंडून नेहमी भराभर येणाऱ्या तीन भाषांपैकी एकही पटकन आली नाही. शेवटी म्हणाल्या, "ते फॉर्म कुणीतरी माणसानं लिवलंय. खोलीत बसून लिवलंय. त्यानं जेवढं विचार केलं तेवढंच त्यात असतंय. तू पडदा नीट बघितलीस काय? खालपर्यंत?"

खालपर्यंत मी बघितलं नव्हतं. सदाअण्णाचा पडदा छोटा, अक्षरं मोठी केलेली. जेवढं दिसत होतं तेवढंच आहे, असं आम्ही तिघांनीही धरून चाललो होतो.

आईला पुन्हा न्यायला फार विनवावं लागलं. केंद्रात गेल्यावर मी सदाअण्णाच्या खुर्चीमागं उभी राहिले. यंत्रानं नकाराचा आवाज काढला, ओळ आली, आणि मी म्हणाले, "सदाअण्णा, पान खाली सरकवा की."

"खाली काय न्हाय."

"सरकवा तर."

त्यानं माउसचं चाक फिरवलं. पान सरकलं. खाली बारीक निळ्या अक्षरांत एक ओळ होती. ठसे घेणं शक्य नसल्यास येथे दाबा. सदाअण्णानं चष्मा वर केला, खाली केला. "एवढी वर्सं बसतोय हिथं," तो पुटपुटला.

मला त्या क्षणी केवढा आनंद झाला! संगणकाच्या अख्ख्या शास्त्रातली एक गोष्ट, पान खाली सरकतं ही, मला पक्की कळली होती आणि ती उपयोगी पडली होती. तो आनंद पुढच्या क्लिकपर्यंतच टिकला. नवीन चौकट उघडली. ठसे का घेता येत नाहीत, कारण निवडा. कारणं दोनच होती. बोटं जन्मापासून नाहीत. बोटं अपघातात गेली.

आम्ही दोघांनी वर बघितलं, खाली बघितलं. चाक फिरवून फिरवून बघितलं. तिसरं कारण नव्हतं. बोटं आहेत पण काम करून करून त्यांच्यावरच्या रेघा गेल्या, हे कारण त्या खोलीत बसून लिहिणाऱ्याच्या मनातच आलं नव्हतं.

"हे तर खोटं भरायचं झालं," सदाअण्णा हळूच म्हणाला. "मी न्हाय बाबा. तू शिकतीस न्हवं? तूच सांग काय करू."

आई बाकावर बसली होती. दोन्ही हात मांडीवर, बोटं एकमेकांत अडकवलेली. तिचं तोंड आमच्या दिशेला होतं, पण तिला आम्ही दिसत नव्हतो. संध्याकाळच्या भाकरीचा विचार करत असेल, नाहीतर काहीच करत नसेल.

"भरा," मी म्हणाले. "अपघात."

सदाअण्णानं दहा वेळा दाबलं. एकेका बोटासाठी एकदा. संगणकानं या वेळी गोड, घंटेसारखा आवाज काढला. आईची ओळख पटली होती.

कार्डासोबत एक छापील कागद निघाला. त्यावर दोन पंज्यांचं चित्र आणि दहाही बोटांवर फुल्या. मी तो घडी करून वहीत घातला. आईला सांगितलं, "झालं." ती म्हणाली, "वळखलं शेवटी?" मी म्हणाले, "व्हय." त्या "व्हय"चं काय करायचं ते मला पुढं कितीतरी दिवस कळत नव्हतं. मी खोटं बोलले होते का? कुणाशी? संगणकाला खरंखोटं नसतं, त्याला फक्त आहे आणि नाही असतं, असं मॅडम शिकवायच्या. मग मी आहे ते नाही म्हणून लिहिलं आणि त्यामुळंच माझी आई त्याच्यासाठी असायला लागली. हे मी वहीत मांडून बघायचे, बाण काढायचे, आणि बाण फिरून पुन्हा माझ्याकडंच यायचे.

बेळगावच्या दवाखान्यात तर माझा जीवच उडाला होता. नर्सनं कार्ड बघितलं, कागद बघितला, मग आईकडं बघितलं. आता विचारणार, हात दाखवा म्हणणार! ती म्हणाली, "मावशी, बोट पुढं करा." आणि एक छोटा चिमटा आईच्या पहिल्या बोटात अडकवला. चिमट्यावर आकडे उजळले, नाडी मोजायला लागले. सरकारी कागदावर जे बोट नव्हतं, त्यातून आईच्या काळजाचे ठोके नीट मोजले जात होते. ऑपरेशनच्या संमतीवर सही हवी होती. आईला सही येते, पण डोळ्यांमुळं ओळ दिसेना, म्हणून अंगठा घेतला. निळ्या शाईचा एक गोल डाग उमटला, आत एकही रेघ नाही. कागदानं तो मुकाट्यानं घेतला. नर्सनं पान उलटलं आणि पुढच्या बाईला हाक मारली.

एका डोळ्याची पट्टी दुसऱ्या दिवशी निघाली. आईनं आधी खिडकीकडं बघितलं, मग माझ्याकडं. बराच वेळ. म्हणाली, "किती वाळलीस गं तू." मला रडू आलं आणि हसूही. अण्णा दाराशी उभे होते, ते उगाच बाटलीत पाणी भरायला गेले.

हे सगळं झालं त्याला आता दोन वर्षं होतील. दुसरा डोळाही पुढं झाला. मी बेळगावला डिग्रीला आले. या वर्षीच्या प्रॅक्टिकलला दवाखान्यासाठी एक फॉर्म तयार करायचा होता. सगळ्यांनी नाव, वय, पत्ता, बोटाचा ठसा, तो नसल्यास कारण असे रकाने केले. मी कारणांच्या यादीत एक ओळ जास्त घातली: बोटं आहेत, ठसा येत नाही. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ती वाचली आणि इंग्रजीत विचारलं, याची गरज काय? मी तोंड उघडलं. विडी, पान, सूप, खोबरेल, सदाअण्णा, एकाही शब्दाचं इंग्रजी मला आठवेना. "असतात सर अशी माणसं," एवढंच मराठीत बोलले. त्यांनी मान हलवली. अगदी तशी, जशी मी मॅडमसमोर हलवायचे. त्यांना कळलं की नाही, मला कळलं नाही.

फुल्या मारलेला तो कागद आईच्या हाती लागला, तो त्याच उन्हाळ्यात, पट्टी निघाल्यावर पंधरा दिवसांनी. आई पुन्हा विड्या वळायला बसली होती. डोळ्याला काळा चष्मा, मांडीवर सूप. दिसायला लागल्यापासून तिला सगळंच उचलून बघायचं असे. भांड्यांचे चरे, भिंतीवरचे पोपडे, माझ्या वह्यांतली चित्रं. वहीतून तो कागद पडला. कन्नड-इंग्रजी तिला वाचता येत नव्हतं, पण चित्राला वाचावं लागत नाही.

"ही कुणाची हातं?"

मी कागद घ्यायला हात पुढं केला.

"सांग की. कुणाची हातं ही?"

"तुझी."

"मग फुल्या कशाच्या?"

मी सांगितलं. पान खाली सरकवण्यापासून दहा वेळा दाबण्यापर्यंत, सगळं. सदाअण्णा नको म्हणत होता, मीच भर म्हणाले, हेही. आई चिडेल असं वाटलं होतं. तिनं कागद घडी करून बाजूला ठेवला, वर पानकात्री ठेवली, उडू नये म्हणून. मग सूप मांडीवरून खाली उतरवलं आणि दोन्ही हात माझ्यापुढं धरले.

"मोज."

"आई, मला ठाव हाय गं."

"मोज म्हणतोय न्हवं."

मी एकेक बोट धरून मोजायला लागले. तंबाखूनं पिवळी पडलेली, टोकाशी गुळगुळीत, सांध्याशी जाड. उजवं संपलं, डावं सुरू झालं. मी मध्येच थांबले, तर तिनं पुढचं बोट पुढं केलं. करंगळीपाशी मी "दहा" म्हणाले.

"भरली?"

"भरली."

"मग आता हे त्या मशीनला सांग."

"मशीनला ऐकू येत न्हाय, आई."

"मग लिवणाऱ्याला सांग," ती म्हणाली. "त्येला कान असतील."

आणि तिनं दुसऱ्या हातानं सूप पुढं ओढलं. कोण लिहिणारा, कुठं बसतो, कुठल्या भाषेत सांगायचं, मला काहीच सुचत नव्हतं. तिची करंगळी मात्र मी धरूनच ठेवली होती, आणि तीही ती सोडवून घेत नव्हती.